काउन्सेलर शोधताना मी खाल्लेली माती

झोपेचं पार खोबरं झालेलं म्हणून मागे एका काउन्सेलरकडे गेले, भिंतीवर आठ-दहा सर्टिफिकेटं, जवळून बघितलं तर सगळी वीकेंड कोर्सची, आणि बाईंनी पहिल्याच भेटीत माझी पत्रिका मागितली! १,५०० रुपये गेले ते गेलेच.

आता आधीच विचारते, शिक्षण काय, आरसीआय नंबर आहे का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते, ती साइटवर तपासता येते. नुसते काउन्सेलर असतील तर निदान एमए सायकॉलॉजी आहे का, कुणाच्या सुपरव्हिजनखाली काम करतात ते विचारायचं, आणि चिडले तर सरळ उठायचं. गोळ्या मात्र सायकियाट्रिस्टच देणार, ते डॉक्टर. रात्री अडीचला अगदीच राहवेना तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.