आईचा पदर आणि बाथरूममधला दांडा

आई पडली हे मला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. फोनवर विचारलं तर म्हणे, अगं पडले कुठे, जराशी टेकले! झालं असं की बाथरूममध्ये पाय सरकला आणि तिने टॉवेलचा दांडा धरला, तो दोन बारक्या स्क्रूंवर लटकलेला, भिंतीतून उपटून तिच्यासोबत खाली. नशीब खुब्याचं हाड वाचलं, नाहीतर शहात्तराव्या वर्षी ऑपरेशन न् पुढचे किती महिने कॉटवर.

मग शनिवार-रविवार तिकडेच राहिले. कपाट आवरताना एक सिंथेटिक साडी निघाली, पदराला रुपयाएवढं भोक, कडा वितळून कडक झालेल्या. समईची वात सारताना पेटला असणार. हेही कुणाला सांगितलं नव्हतं!! आधी चिडलेच मी, मग लक्षात आलं की सांगितलं तर आपण तिचा गॅस बंद करणार नाहीतर सामान बांधून तिला पुण्याला आणणार, म्हणून ती गप्प. त्यामुळे ओरडायचं नाही असं ठरवलं.

समई हलवली नाही (हलवू दिलीच नसती), फक्त पितळी परातीत ठेवली, आणि पूजेला सुती साडी, पदर कमरेला खोचून. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आईकडची कधीची ते तिलाही आठवेना, ती बदलली. तिला हल्ली दूध करपलेलं कळत नाही तर गॅसचा वास काय येणार, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू पण नाही बंद पण नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि मग १९०६ ला फोन. नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनपाशी चिकटवलाय.

पायपुसणी सगळी काढली, एकही सरळ राहत नव्हतं. बीपीच्या गोळ्यांमुळे एकदम उठलं की प्रेशर उतरून गरगरतं, म्हणून रात्री आधी कॉटच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उठायचं. आणि कमोडजवळ जाड स्टीलचा दांडा, प्लंबरने टाइलला भोकं पाडून मोठे बोल्ट ठोकून बसवला, मी स्वतः लोंबकळून बघितलं.

परवा गेले तर त्या दांड्यावर आईचा परकर वाळत होता.