तीस दिवसांत हरकत: ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यातला अनुभव

रस्तारुंदीची नोटीस आली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, ‘चांगला वकील बघा.’ वकील नंतर. आधी नोटीस कुठल्या कलमाखाली निघाली आहे ते बघावं. मुदत किती, अर्ज कुणाकडे, सुनावणी होणार की नाही, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

एमआरटीपी अधिनियम 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) याचं कलम 26 असेल तर अख्ख्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकती मागवल्या आहेत. मुदत 30 दिवस. कलम 37 असेल तर मंजूर आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ आहे. मुदत एक महिना. त्या ‘किरकोळ’ शब्दावर जाऊ नका, एखाद्या सोसायटीचं पुढचं अंगण किरकोळात सहज जातं. आणि महापालिका अधिनियमाचं कलम 210 असेल तर रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची कायद्याने ठरलेली हद्द, बदलायची आहे. इथे लेखी हरकत महासभेच्या तीन पूर्ण दिवस आधी महापालिका सचिवांच्या कार्यालयात पोचावी लागते. आमच्याकडे काहींनी ती सवयीने नगररचना विभागात दिली. ती तिथेच राहिली.

पहिला आठवडा नकाशासाठी ठेवावा. नकाशा 1:4000 चा असेल तर कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 4 मीटर, म्हणजे रेघेची जाडीच एक गाडी उभी राहील एवढी. मोबाइलवर मोठा करून ‘आपली भिंत वाचतेय’ असं ठरवू नये. सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर घालून भाग नकाशा (आपल्या जागेपुरता तुकडा) मागावा, मोजणी नकाशाशी जुळवावा आणि रुंदी मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखी घेतली आहे की एकाच बाजूला ढकलली आहे, ते तपासावं. सातबारावरचा नंबर आणि मालमत्ता पत्रकावरचा नंबर वेगळे असतात. अर्जात दोन्ही लिहावेत.

मग पुढच्या मोकळ्या जागेत काय काय आहे ते टेपने मोजावं. जमिनीखालची पाण्याची टाकी, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा, ट्रान्सफॉर्मर. उंच इमारतीला अग्निशमन गाडी फिरायला 6 मीटर मोकळी जागा लागते. रुंदीकरणानंतर ती साडेचारवर येत असेल, तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ‘आमचं पार्किंग जाईल’ हा सगळ्यात कच्चा. अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नसेल तर जागा सोसायटीची जाते आणि तिचा टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर जमा होऊ शकतो. मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरने केलं नाही तर सरकारी आदेशाने होणाऱ्या हस्तांतरणाची) फाइल वर्षानुवर्षं कपाटात ठेवणाऱ्यांना हे अशा वेळी कळतं.

आता खरा विषय. रस्ता वाहतुकीसाठी रुंद होतो हे अर्धंच खरं. 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा) रस्त्याच्या रुंदीवर बांधलेलं आहे. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ 1.10, त्यावर पैसे भरून मिळणारं प्रीमियम चटईक्षेत्र नाही, टीडीआर नाही. 12 मीटरच्या पुढे एकूण 2.25, आणि 30 मीटर झाला की 3.00. अनुषंगिक क्षेत्र (जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरे) निवासी इमारतीला आणखी 60 टक्के.

म्हणजे 4000 चौरस मीटरच्या भूखंडावर 12 मीटरच्या रस्त्याला 9000 अधिक 60 टक्के, 14,400. रस्ता 30 मीटरचा झाला की 12,000 अधिक 60 टक्के, 19,200. फरक 4800 चौरस मीटर; 80 चौरस मीटरचं घर धरलं तर 60 घरं वाढली. माणशी 135 लिटर आणि घरी पाच माणसं धरून रोज साडेचाळीस हजार लिटर पाणी एकाच भूखंडावर. घोडबंदर रोडला टँकर कशाने येतात हे कुणी कुणाला सांगायला नको. हा हिशेब हरकतीत मांडला की ‘रस्ता नको म्हणणारे लोक’ हा शिक्का बसत नाही. वाढीव रुंदीच्या बरोबरीने पाणी आणि मलनिस्सारणाची क्षमता दाखवा, एवढंच आपण म्हणत असतो.

खाडीची बाजू वेगळी. 1000 चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती (तिवरांच्या जंगलाभोवती) 50 मीटरचा पट्टा राखीव आहे, आणि 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली. सार्वजनिक प्रकल्पालाही आधी न्यायालयाकडे जावं लागतं. तेव्हा सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) मंजूर नकाशा आणि रस्त्याची रेषा एकावर एक ठेवून बघा. तिवरांचे फोटो भरतीच्या वेळी काढा, तारीख-वेळेसह. ओहोटीत तीच जागा पडीक चिखल वाटते. येऊरच्या डोंगरातले नाले रस्त्याखालच्या मोऱ्यांतून खाडीला मिळतात. रस्ता रुंद झाला की मोरी लांबते, आणि भरती व मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी वरच्या बाजूला तुंबतं. मोऱ्यांची संख्या, रुंदी आणि तळाची पातळी मागा.

ही माहिती माहिती अधिकारात मिळते, पण उत्तराची मुदतही 30 दिवस आणि हरकतीचीही 30. अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा. दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. प्रती मागण्याऐवजी अभिलेख अवलोकन (कार्यालयात जाऊन कागद बघणं) मागितलं तर काम लवकर होतं.

हरकत दोन प्रतींत द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. पाचशे जणांनी एकच झेरॉक्स सही करून दिली तर आकडा पाचशे दिसतो, सुनावणीला मात्र ती एकच हरकत धरून उरकतात. त्यापेक्षा तीस वेगळ्या, प्रत्येकात स्वतःचा सर्व्हे नंबर, मोजमाप आणि शेवटी नेमकी मागणी: ‘रेषा पूर्वेकडे इतके मीटर सरकवावी’. नुसतं ‘आमचा तीव्र विरोध आहे’ लिहिलं तर त्यावर निर्णय देण्यासारखं काहीच उरत नाही.

सुनावणीत दोन-तीन मिनिटं मिळतात. रंगवलेला ए-3 नकाशा समोर ठेवा आणि एकाच माणसाने बोलावं. सोसायटीचा ठराव आणि अधिकारपत्र बरोबर हवं. त्यानंतर आराखडा शासनाकडे गेला तरी डोळा ठेवावा. मोठे बदल असले तर कलम 31 खाली तेवढ्याच भागावर पुन्हा हरकती मागवतात, आणि ही दुसरी खिडकी लोकांच्या लक्षात राहत नाही.

झाडांची नोटीस तर त्याहून वेगळी. 1975 च्या वृक्ष कायद्याखाली हरकतीला सातच दिवस, आणि कागद झाडाच्या बुंध्यालाच चिकटवलेला. सकाळी फिरायला जाणाऱ्या एखाद्या काकांना ते काम नेमून द्यावं.