डॉक्टरांचा ‘किड ए’

गणपतीच्या आधीचा महिना आला की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रत्नागिरीच्या आसपासच्या भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर, जाखडीवाल्यांचे माइक, देवळातले भोंगे, सगळं वर्षभर पोटमाळ्यावर पडून असतं आणि श्रावणात एकदम आठवतं. तोवर खाऱ्या हवेने आणि पावसाने आपलं काम केलेलं असतं. पॉटमध्ये, म्हणजे आवाजाच्या फिरत्या बटणात, खरखर, रिले या आतल्या विजेच्या स्विचचे पॉइंट काळे, तांब्याच्या तारेवर हिरवा थर, खालचा आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या, वूफरच्या कडेचा फोम बोट लागताच भुगा. अशा दिवसांत कुणाच्या घरी जाऊन दुरुस्ती करणं मी घेत नाही. पण भाट्याला राहणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला आणि बोलता बोलता ते म्हणाले, “उजव्या बाजूने खरखर येते हो, आणि रविवारी आमची रेडिओहेडची बैठक आहे.” हे नाव इथल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. रविवारी सकाळीच पूल ओलांडून गेलो.

रेडिओहेड म्हणजे इंग्लंडचा रॉक बँड, आणि मी त्याचा जुना भक्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीच्या दुकानात शिकाऊ होतो, तेव्हा टेस्टिंगसाठी तिथे त्यांच्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बमची कॅसेट ठेवलेली असायची. दुरुस्त झालेल्या डब्यावर दोन मिनिटं ती वाजवायची आणि डबा गिऱ्हाइकाला द्यायचा, असा रिवाज होता. मी गाणं संपेपर्यंत झाकणाचे स्क्रू बसवत राहायचो.

हॉलमध्ये तिघं होती. डॉक्टर पन्नाशीच्या जवळचे. त्यांचे मित्र कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, त्यांना सगळे सर म्हणत होते. आणि पुण्याहून सुट्टीला आलेली डॉक्टरांची भाची. मी अॅम्प्लिफायरचं झाकण काढायच्या आधीच वाद सुरू झाला होता, आणि तो नवा नव्हता हे बोलण्यावरून कळत होतं. प्रत्येकाला समोरच्याचं पुढचं वाक्य पाठ होतं. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन्ही बाजूचे शाहीर एकमेकांचे जुने सवाल ओळखून असतात, तसं.

डॉक्टरांचं म्हणणं, हा बँड १९९५ च्या ‘द बेंड्स’मध्ये शिखरावर होता, १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’मध्ये तिथेच टिकला आणि मग वाट चुकला. “तीन गिटारवाले घरात असताना विजेचे आवाज कशाला काढायचे? ‘किड ए’ तर नुसता पोकळ!” सरांचा देव म्हणजे २००० चा ‘किड ए’. एकही गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, न काढता तो ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, हे ते अशा अभिमानाने सांगत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनीच तो विकला. भाची २००७ च्या ‘इन रेनबोज’ची आणि २०१६ च्या ‘अ मून शेप्ड पूल’ची. ग्रॅमीचाही विषय निघाला. ‘ओके कम्प्युटर’, ‘किड ए’ आणि ‘इन रेनबोज’, तिघांनाही सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी मिळालेलं. “मग ‘द बेंड्स’ला नाही मिळालं म्हणून तो कमी?” डॉक्टर चिडून म्हणाले. १९९३ चा पहिला अल्बम, ‘पाब्लो हनी’, सर्वांत खाली यावर मात्र एकमत होतं.

मला यात नवल वाटलं नाही. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या शाळेत एकत्र आलेली ही पाच मुलं नऊ अल्बमभर एका जागी थांबलीच नाहीत. ‘ओके कम्प्युटर’नंतर जगभरचे बँड तसलं वाजवायला लागले, तर यांनी गिटार मागे ठेवली. त्यांच्यातल्या गिटारवाल्या जॉनी ग्रीनवूडने तर ओंद मार्तेनो नावाचं १९२८ सालचं फ्रेंच वाद्य हाती घेतलं. त्यात व्हॉल्व्हवर चालणारे दोन ऑसिलेटर, म्हणजे कंपनं तयार करणारे सर्किट, असतात, दोघांची फ्रिक्वेन्सी माणसाला ऐकू येणार नाही इतकी वरची, आणि त्यांच्यातला फरक तेवढा सूर होऊन बाहेर पडतो. आपला जुना रेडिओही याच तत्त्वावर स्टेशन पकडायचा. ज्याने असे रेडिओ उघडलेत त्याला ‘किड ए’ परका वाटूच शकत नाही. निदान मला तरी कधी वाटला नाही.

खरखर अर्ध्या तासात गेली. स्पीकर रिलेचे पॉइंट काळवंडले होते, ते साफ केले, एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, होता तो पुन्हा मारला. बेसचं, म्हणजे खालच्या आवाजाचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवलेलं दिसलं. विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, “कायम तिथेच असतं. या स्पीकरना बेस कमीच.” स्पीकर तर चांगले मोठे, आठ इंची वूफरचे. मनात नोंद झाली.

ऐकून बघायला डॉक्टरांनी ‘द बेंड्स’ लावला. गाणं वाजत होतं, डॉक्टर डोळे मिटून मान हलवत होते, आणि मला काहीतरी खटकत होतं. बँडचा गायक थॉम यॉर्कचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध यायला हवा. तो कुठेच नव्हता. भिंतींवरून, खिडकीकडून, सगळीकडून थोडा थोडा येत होता. तेवढ्यात भाची म्हणाली, “मामा, तुझ्या हॉलमध्ये गाणं ऐकलं ना, की कानात दडे बसल्यासारखं होतं. मी हेडफोनवरच ऐकते बाई.” मामाने ते हसण्यावारी नेलं. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. आमच्या धंद्यात हे लक्षण ठरलेलं आहे.

अॅम्प्लिफायर जुना होता, त्याला मोनोचं बटण होतं. ते दाबलं. मोनो केलं की दोन्हीकडे अगदी एकच आवाज जातो आणि तो सरळ मधून आला पाहिजे. झालं उलटंच. बेस नाहीसा झाला आणि यॉर्क जणू शेजारच्या खोलीत जाऊन गायला लागला.

“डॉक्टर, जाळी काढू का स्पीकरची?”

दोन्ही जाळ्या काढल्या, तारा अॅम्प्लिफायरच्या मागून सोडवल्या आणि बॅगेतला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. भाची मोबाइलचा टॉर्च धरून स्पीकरसमोर मांडी घालून बसली. डाव्या स्पीकरच्या तारेला सेल लावला, प्लसला प्लस. ठप्प आवाज झाला आणि कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, एवढासा पुढे आला. उजव्याला तसाच लावला. कोन आत गेला.

“काका, पुन्हा करा,” ती म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा आत.

सर लगेच खुर्चीतून उठले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. दोन्हीकडे सारखा असलेला खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. बेस बहुतेक दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो पहिला जातो. गायकाचा आवाजही दोन्हीकडे सारखा, म्हणून तो जागा सोडतो. एका बाजूला असलेली गिटार, झांजा, वरचे बारीक आवाज मात्र जवळपास शाबूत राहतात.

तार भिंतीतून वर जाऊन माळ्यावरून उजवीकडे उतरत होती. माळ्यावर एका वाशाला टेकून काळ्या टेपात गुंडाळलेला जोड सापडला. तारेच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ असते ती ओळखीसाठी, आणि इथे रेघवाला पदर बिनरेघेच्या पदराला बांधलेला. घर बांधलं तेव्हा, २००९ मध्ये, तार ओढणाऱ्याने कमी पडली म्हणून जोड दिला होता. टेप सोडवली तर आत सगळं हिरवं. जोड कापला, तांबं चकचकीत होईपर्यंत घासलं, नीट सोल्डर केला.

मग डॉक्टर जे म्हणाले त्याने माझा हात थांबला. “‘किड ए’ची सीडी मी या घरात आल्यावरच घेतली. त्याआधी कधी ऐकलाच नव्हता.”

म्हणजे ‘द बेंड्स’ आणि ‘ओके कम्प्युटर’ त्यांनी डेंटल कॉलेजच्या हॉस्टेलवर वॉकमनवर ऐकले होते, हेडफोनवर, सगळा आवाज जागच्या जागी असताना. ते त्यांना पाठ होते. या उलट्या तारेवर ते वाजले तरी जे कमी पडत होतं ते त्यांचा कान आठवणीतून भरून काढत होता. ‘किड ए’ला आठवणच नव्हती. त्यांना तो जेवढा मिळाला तेवढाच होता: पोकळ, बिनबुडाचा, नुसते वरचे आवाज. त्यांनी त्याला पोकळ म्हटलं ते अगदी प्रामाणिकपणे म्हटलं. त्यांच्या हॉलमध्ये तो पोकळच होता.

बेसचं बटण मी आधी मधे आणलं, नाहीतर वूफरचा जीव गेला असता. ‘किड ए’ लावला. पहिलं गाणं कीबोर्डवर सुरू होतं, सूर एका दहा मात्रांच्या फेऱ्यात फिरतात. सर मांडीवर मोजत म्हणाले, “झपतालाएवढ्याच मात्रा, फक्त विभाग तसे पडत नाहीत.” यॉर्कचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला. डॉक्टर तिकडे बघत राहिले, जिथे काही नव्हतं तिकडे. तिसऱ्या गाण्यात तो बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, आला. यॉर्कने स्वतः वाजवलेला, एकच तुकडा, शेवटपर्यंत. पुस्तकांच्या कपाटाच्या काचा थरथरायला लागल्या. पुढे त्याच बासवर ब्रासवाले, म्हणजे पितळी फुंकवाद्यं वाजवणारे, तुटून पडतात, अमेरिकन संगीतकार चार्ल्स मिंगसच्या जॅझवरून सुचलेला तो गोंधळ, आणि खाली तो बास घट्ट धरून असतो म्हणूनच वरचा गोंधळ ऐकवतो. बास काढून घेतला तर उरतो नुसता कलकलाट. डॉक्टर आजवर तोच ऐकत आले होते.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, “पुन्हा लावा.”

सरांना वाटलं, जिंकलो. पण डॉक्टर कच्चे नव्हते. पूर्ण अल्बम झाल्यावर त्यांनी ‘द बेंड्स’ पुन्हा लावायला सांगितला, आणि तोही आता भरून वाजला. कॉलिन ग्रीनवूडचा बास, फिल सेल्वेचा किक ड्रम, सगळं आपापल्या जागी. “बघा,” डॉक्टर म्हणाले, “तार सरळ झाली तर माझाही वर गेला!” आणि हे मला पटलं. तारेने त्यांच्यावर अन्याय केला होता, पण त्यांची आवड काही तारेने तयार केलेली नव्हती. त्यांना माणसाचा आवाज आणि गिटार यांच्यामधली ओढाताण आवडते, आणि ती ‘द बेंड्स’इतकी उघडी या बँडने पुन्हा क्वचितच दाखवली.

चहाच्या वेळी भाचीने खरा कठीण विषय काढला. ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणं यॉर्क १९९५ पासून मैफलीत गायचा. २००१ च्या लाइव्ह अल्बममध्ये ते नुसत्या गिटारवर आलं, आणि स्टुडिओतलं रूप मिळायला २०१६ चा ‘अ मून शेप्ड पूल’ उजाडावा लागला. तिथे गिटार नाही, पियानो आहे, एकमेकांवर चढलेले तुटक सूर. डॉक्टरांच्या मते नव्या रूपाने गाण्याचा प्राण काढला. भाचीचं म्हणणं, वीस वर्षांनी माणूस तेच शब्द त्याच विनवणीने कसा म्हणेल? अल्बमच्या आदल्याच वर्षी यॉर्कचं दीर्घ सहजीवन संपलं होतं, आणि ते त्या पियानोत ऐकू येतं. दोन्ही रूपं आम्ही लागोपाठ ऐकली. इथे तारेचा प्रश्नच नव्हता, दोघांनी एकच, नीट वाजणारी गोष्ट ऐकली आणि दोघंही आपापल्या जागी राहिली. मी भाचीच्या बाजूचा. गिटारवरचं गाणं सोडून न जाण्याची विनंती करतं, पियानोवरचं गाणं ती विनंती फुकट गेल्यानंतरचं आहे, आणि मला दुसरं जास्त खरं वाटतं.

मला विचारलं तेव्हा मी ‘इन रेनबोज’ला कौल दिला. त्यात दहाच गाणी, जेमतेम बेचाळीस मिनिटं, एकही जास्तीचं नाही. त्याआधीच्या ‘हेल टू द थीफ’ अल्बममध्ये चौदा आहेत आणि ती जास्त झाली असं पुढे यॉर्कलाही वाटलं. ‘इन रेनबोज’ बँडने १० ऑक्टोबर २००७ ला आपल्या वेबसाइटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यांवर सोडली, याचीच चर्चा तेव्हा इतकी झाली की आतलं ड्रमचं काम लोकांनी उशिरा ऐकलं. शिवाय त्या फाइल १६० केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबून लहान केलेल्या, एमपीथ्री होत्या. पुढे सीडी आल्यावर झांजांचा आवाज किती वेगळा होता हे ज्याने दोन्ही ऐकलं त्यालाच ठाऊक.

दुपारी निघताना सर दारात म्हणाले, “माझ्याकडचेही स्पीकर बघून जा एकदा.” गणपती झाल्यावर गेलो. सेल लावून बघितला, दोन्ही कोन पुढे आले, तारा अगदी बरोबर. सर काहीसे हिरमुसले, कारण ‘द बेंड्स’ त्यांना फिका वाटतो त्याचा दोष आता कुठल्याही तारेवर ढकलता येत नव्हता.

डॉक्टरांचा परवा फोन आला. नऊच्या नऊ अल्बम क्रमाने पुन्हा ऐकून झाले म्हणे. नवी क्रमवारी: ‘द बेंड्स’ पहिला, ‘किड ए’ दुसरा, ‘ओके कम्प्युटर’ तिसरा. ‘किड ए’ दुसरा आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण ‘ओके कम्प्युटर’ तिसरा हे मी मान्य करणार नाही, आणि तसं त्यांना फोनवर सांगितलंही. या रविवारी बैठकीला बोलावलंय. लॅमिंग्टन रोडवरची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, डेक घेऊनच जाणार आहे.