नदीपासून समुद्रापर्यंत: फलकावर काय मावतं

शनिवार, रात्री

गाझासाठी निघणाऱ्या मोर्च्यांमधल्या घोषणांवरून चाललेला वाद काही केल्या थांबत नाही. त्याबद्दल आज सविस्तर लिहून ठेवतो, कारण भांडण जिथं अडकतं ती जागा फार कमी लोक नीट बघतात.

सगळ्यात जास्त वाजलेली घोषणा म्हणजे ‘फ्रॉम द रिव्हर टू द सी, पॅलेस्टाइन विल बी फ्री’, म्हणजे नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त होईल. नदी जॉर्डन, समुद्र भूमध्य. मधल्या पट्ट्यात इस्रायल, वेस्ट बँक आणि गाझा तिन्ही येतात. घोषणा देणाऱ्यांतले अनेक जण म्हणतात, या भूमीवरच्या प्रत्येकाला समान हक्क हवेत. ऐकणारा ज्यू विचारतो, मग माझा देश कुठं राहिला? सगळा पट्टा आपलाच, असा दावा दोन्हीकडून झालेला आहे. इस्रायलमधल्या उजव्या लिकुड पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यात समुद्र आणि जॉर्डन यांच्यामध्ये फक्त इस्रायलचंच सार्वभौमत्व राहील असं लिहिलं होतं. हमासच्या २०१७ च्या दस्तऐवजात नदीपासून समुद्रापर्यंत संपूर्ण मुक्तीची भाषा आहे. भूगोल तोच, फक्त मालक बदलतो. म्हणजे कोण बोलतंय हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि हजारोंच्या मोर्च्यात नेमकं तेच कळत नाही.

‘मग पूर्ण वाक्य लिहा ना’ असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा फलक रंगवून बघावा. ठळक अक्षर साधारण एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, हा बोर्ड रंगवणाऱ्यांचा जुना हिशोब. रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून वाचायचं तर अक्षर सहा इंचांचं हवं. ए-२ आकाराचा (साधारण साडेसोळा बाय साडेतेवीस इंच) पुठ्ठा आडवा धरला तर अशा रोमन अक्षरांच्या दोनच ओळी बसतात, ओळीत जेमतेम सहा अक्षरं. संपला कागद. ‘सर्वांना समान हक्क’, ‘नागरिकांवरचे हल्ले थांबवा, मग ते कुणीही करोत’ हे सगळं पुठ्ठ्याबाहेर राहतं. अक्षर लहान केलं तर जवळून काढलेल्या फोटोत वाचता येईल, पण समोरच्या फुटपाथवरच्या माणसाला नुसता पुठ्ठा दिसेल.

आणि पूर्ण वाक्य बोलूनही सुटका होतेच असं नाही. लंडनच्या सभेत मजूर पक्षाचे खासदार अँडी मॅकडोनाल्ड म्हणाले होते की नदी आणि समुद्र यांच्यामधल्या सगळ्या माणसांना, इस्रायली असोत वा पॅलेस्टिनी, शांततेत आणि स्वातंत्र्यात जगता येईपर्यंत आम्ही थांबणार नाही. इस्रायलींचं नाव स्पष्ट घेतलेलं. तरी ३० ऑक्टोबर २०२३ ला पक्षानं त्यांना निलंबित केलं आणि मार्च २०२४ मध्ये परत घेतलं. नदी आणि समुद्र हे दोन शब्द एकत्र आले की पुढचं कुणी ऐकत नाही. अमेरिकेत पॅलेस्टिनी वंशाच्या लोकप्रतिनिधी रशीदा तलेब यांच्यावर ७ नोव्हेंबर २०२३ ला प्रतिनिधिगृहानं निषेधाचा ठराव २३४ विरुद्ध १८८ मतांनी मंजूर केला. ही घोषणा स्वातंत्र्याची आणि सहजीवनाची हाक आहे, हा त्यांचा खुलासा होता. पण मोर्च्यात खुलाशाला जागा नसते. तो नेहमी मागून येतो आणि फोटो आधीच पुढं गेलेला असतो.

सरकारांनी यात हात घातला की गुंता आणखी वाढतो. जर्मनीच्या गृहखात्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये हमासवर बंदी घालताना ही ओळ तिच्या खुणांमध्ये धरली. त्यानंतर तिथल्या न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या मजकुरावरचे वाद तपासणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डानं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन प्रकरणं तपासून सांगितलं की ही ओळ नुसती लिहिली म्हणून ती द्वेषाची किंवा हिंसेची चिथावणी ठरत नाही. मंडळातल्या काहींचं मत मात्र वेगळं होतं.

ब्रिटनमधला पुठ्ठा तर जवळून बघण्यासारखा आहे. ९ ऑगस्ट २०२५, पार्लमेंट स्क्वेअर. लोक शांत बसलेले, हातात दोन छोटी वाक्यं: माझा वंशसंहाराला विरोध आहे, माझा पॅलेस्टाइन ॲक्शनला पाठिंबा आहे. पहिल्या वाक्याला कायद्याची हरकत नव्हती. दुसऱ्यातल्या संघटनेवर जुलैत दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली होती, म्हणून त्या दिवशी ५०० हून जास्त जणांना अटक झाली. त्यांनी हे समजून उमजून केलं. पण संध्याकाळच्या बातम्यांत चर्चा झाली ती पुठ्ठ्याची. गाझातल्या पाण्याची, पिठाची नाही. मला हे मनापासून खटकतं, आणि त्याची पहिली जबाबदारी मी बंदी घालणाऱ्यांवर टाकतो.

तरी संयोजकांच्या हातात काही गोष्टी असतातच. निघण्याआधी घोषणांची यादी ठरवावी, कर्ण्यावर कोण बोलणार ते नक्की करावं, आणि यादी स्वयंसेवकांकडं छापील द्यावी. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या चौकात विसरलं जातं. ‘युद्ध थांबवा’, ‘वेढा उठवा’, ‘ओलीस सोडा’ या मागण्या दोन ओळींत मावतात आणि कुणाचा देश पुसत नाहीत. बाहेरून आलेला एक भडक फलक शंभर चांगल्या फलकांना झाकतो, कारण कॅमेरा त्यालाच शोधत असतो. तो खाली घ्यायला विनंती कोण करणार, हे आधी ठरलेलं नसेल तर तिथंच हमरीतुमरी होते.

ही घोषणा आपल्यापासूनही दूर नाही. अलिबागकडच्या गावांतून गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलमधल्या अश्दोद शहरात राहतात, घरात मराठी बोलतात. अश्दोद समुद्राला लागून आहे आणि गाझाची रॉकेटं तिथं पडलेली आहेत. त्याच किनाऱ्यानं थोडं दक्षिणेला गाझा. तिथल्या मच्छीमारांना २००७ पासूनच्या नाकेबंदीमुळे खोल समुद्रात जाता येत नाही. फलक रंगवताना ही दोन्ही घरं डोळ्यांपुढं हवीत.

मुंबईत तर गाडी शब्दांपर्यंत पोचलीच नाही. आझाद मैदानावरच्या निदर्शनांना पोलिसांनी परवानगी नाकारली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका २५ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं फेटाळली, आणि आधी आपल्या देशाचे प्रश्न बघा, असंही सुनावलं. पुढं परवानगी मिळाली आणि २० ऑगस्टला निदर्शनं झाली. लंडनमध्ये काय लिहायचं यावर भांडण होतं. इथं उभं राहायचं की नाही, यातच दोन महिने गेले.