एक थाप माफ

विज्ञानकथेला एक थाप माफ असते. प्रकाशापेक्षा वेगानं धावणारं यान म्हणा, काळात मागे नेणारा दरवाजा म्हणा. पहिल्या दहा मिनिटांत काय ती मारून घ्यावी आणि उरलेला वेळ तिचे हप्ते फेडावेत.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या टीव्ही मालिकेचा ‘३३’ हा एपिसोड पाहा. माणसांच्या यानांचा ताफा अवकाशात एका क्षणात उडी मारून कुठेही जावो, ३३ मिनिटांनी शत्रू हजर! १३० तासांत अशा २३७ उड्या झाल्यात. गुणाकार करून पाहा: ७,८२१ मिनिटं, म्हणजे १३० तास आणि वर २१ मिनिटं. लेखकानं हिशेब चोख ठेवलाय. खरी गंमत पुढे आहे. पाच दिवस झोप नाही म्हटल्यावर डोळे तारवटतात, वैमानिक उत्तेजक गोळ्यांवर उडतात, साध्या साध्या चुका होतात. अध्यक्षबाई जिवंत माणसांचा आकडा फळ्यावर पुसून पुन्हा लिहितात. तो उतरत जातो आणि शेवटी एक बाळ जन्मतं तेव्हा एकानं वाढतो. बरं, ३३च का? ते कुणीच सांगत नाही. सांगितलं असतं तर ती दुसरी थाप झाली असती.

बऱ्याच कथांचं बिघडतं ते नेमकं इथेच, दुसऱ्या थापेत. शेवटची पाच मिनिटं उरली की इंजिनियरला अचानक सुचतं, अमुक किरण तमुक तबकडीतून उलटा फिरवू. आधी त्या तबकडीचा पत्ता नसतो. (दोन शास्त्रज्ञ एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेलं समजावून सांगायला लागले, तर ती आणखी वेगळी शिक्षा.)

‘डॉक्टर हू’ मालिकेचा २००७चा ‘ब्लिंक’ हा एपिसोड हे दुखणं कसं टाळतो? नियम एकच: कुणी बघत असेल तोवर देवदूतांचे पुतळे दगड, नजर हटली की चालून येणार. पडद्यावर ते हलताना एकदाही दिसत नाहीत. दगडी रंगातल्या नट्या स्तब्ध उभ्या, मिणमिणता दिवा आणि नेमकं संकलन, एवढ्यावर भागलंय. तोडगाही नियमाच्याच पोटातून निघतो. चार पुतळे एका यानाला वेढून उभे असतात, मधलं यान नाहीसं होतं आणि ते एकमेकांकडे बघत कायमचे थिजतात.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ची अडचण निराळी होती. तिथे काहीही घडलं तरी बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. १९९२च्या ‘द इनर लाइट’मध्ये कॅप्टन पिकार्ड एका अनोळखी यंत्राच्या किरणामुळे जेमतेम २५ मिनिटं बेशुद्ध असतो, पण तेवढ्यात कधीच नष्ट झालेल्या एका ग्रहावर संसार करून, नातवंडं पाहून, म्हातारा होऊन येतो. खलनायक नाही, लढाई नाही. सहकारी तो किरण तोडायला जातात तर कॅप्टनच मरायला टेकतो, म्हणून हात बांधून बसणं भाग पडतं. शेवटी त्या यंत्रातल्या एका पेटीत त्याची तिथली बासरी मिळते. ती तो वाजवतो, कारण वाजवायला तो तिथे शिकलेला असतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका एपिसोडमध्ये ती बासरी पुन्हा पेटीतून निघाली.