मुळशीच्या पाण्याकाठचं स्वयंपाकघर

मुळशी धरणाच्या पाण्याकाठी, ताम्हिणीच्या वाटेवर, आमचं जुनं घर आहे. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं. पणजोबांचं मूळ घर पाण्याखाली गेलं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये इथे सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, तरी धरण झालंच. गाव सोडताना पणजोबांनी घराची दारं, काही खांब आणि स्वयंपाकघरातलं फडताळ उतरवून बैलगाडीतून वर आणलं आणि त्यांच्याभोवती हे घर उभं केलं. बाबांनी निवृत्तीनंतर पुण्याचा फ्लॅट माझ्या भावाकडे सोपवून आईसोबत इथेच राहायचं ठरवलं, तेव्हा स्वयंपाकघर नव्याने करणं भाग होतं. पण ते कसंही करून चालणार नव्हतं.

खोली मोठी, पण अंधारी. गॅस आला तेव्हा चुलीच्या जागी कडाप्प्याचा एक बुटका ओटा बसवला होता, त्यावर वाकून वाकून आईची कंबर धरायची. भिंतींना कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, त्याला कमरेपर्यंत लोणा लागून पोपडे सुटलेले. धरणाकडे तोंड करून एक छोटी खिडकी. कोपऱ्यात मोरी, तिचं पाणी पाइपाने घरामागच्या उतारावर सोडलेलं. आणि भिंतीत ते फडताळ, तेलरंगाच्या किती हातांखाली दडलेलं कुणास ठाऊक.

सुरुवातीला पुण्यातल्या एका मॉड्युलर किचनवाल्यांकडून नकाशा काढून घेतला. चित्र देखणं होतं. नक्षीची पांढरी दारं, पितळी मुठी, धरणाकडची अख्खी भिंत काढून तिथे काच. ‘क्लासिक’ असं त्यावर लिहिलेलंही होतं. मी विचारलं, दारांच्या आत काय असेल? प्लाय. पावसात? वॉटरप्रूफ आहे मॅडम. इथे ताम्हिणीच्या अंगाला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या कितीतरी पट. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. बाजारात सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा प्लाय आणि आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय यांत फार फरक आहे. मरीन प्लायचा तुकडा बहात्तर तास उकळून तपासतात. साधा, आयएस ३०३ चा ओलावारोधक प्लाय त्या परीक्षेला बसवतच नाहीत. त्यांच्या अंदाजपत्रकात हा साधाच होता. आणि मरीन प्लाय घेतला असता तरी बंद खोक्यात हवा खेळत नाही, बुरशी धरायची ती धरतेच. तो नकाशा मी बाजूला ठेवला.

मग पौडहून एका सुतारमामांना बोलावलं. त्यांनी आधी ओट्याखाली बॅटरी मारून पाहिलं, मग फडताळाची दारं उघडून नाक आत घातलं. “ताई, वास बघा,” म्हणाले. मी वास घेतला. लाकडाचा, जुन्या तेलाचा, पण कुबट अजिबात नाही. आतल्या फळ्या आणि भिंत यांच्यात त्यांनी बोट घालून दाखवलं, बोटभर फट मुद्दाम ठेवलेली होती. दारांच्या वरच्या चौकटीत बारीक भोकांची नक्षी होती, ती रंगाने बुजली होती. लहानपणापासून ते फडताळ मी पाहत आले, पण ती भोकं हवेसाठी आहेत हे तेव्हाच कळलं. “ह्येच करायचं सगळीकडं,” मामा म्हणाले. तिथून पुढे आमचा नकाशा ठरत गेला. चित्रातला क्लासिकपणा आणायचा नव्हता. या घरातली जी जी गोष्ट पाऊस आणि ओल ओळखून केलेली होती, ती शोधायची आणि तिलाच आजच्या कामाला जुंपायचं, हे नक्की झालं.

ओट्याखाली प्लायचा एक तुकडाही लावला नाही. आपल्याकडे पूर्वी सर्रास करायचे तसे कडाप्प्याचे उभे पडदे आणि आडव्या फळ्या, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेल्या. त्याला वाळवी लागत नाही, पाणी सांडलं तर पुसलं की झालं. पुढे सागाच्या चौकटीची दारं, आणि चौकटीत फळीऐवजी पितळी जाळी, जुन्या जाळीच्या कपाटाला असायची तशी. कांदे-बटाटे, डाळ-तांदळाचे डबे, सगळ्यांना वारा लागतो. सागही नवा घेतला नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड मिळतं, तिथून मामांनी निवडून आणलं. जुनं लाकूड वाळायचं तेवढं वाळलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात दारं फुगून अडकायची भीती कमी. खिळे काढून रंधा मारेपर्यंत ते विकत घ्यावंसं वाटणार नाही इतकं कळकट दिसतं. रंधा फिरला की मधासारखा रंग वर येतो.

ओट्याचा दगड मात्र बदलला. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यावर पांढरे डाग उठतात आणि ते जात नाहीत. आमच्याकडे सोलकढी नाही असा आठवडा नसतो. म्हणून वर काळा ग्रॅनाइट, चकचकीत न करता लेदर फिनिशचा, पुढच्या कडेला अर्धगोल. उंचीवर आईचं आणि माझं बरंच बोलणं झालं. बाजारात सरधोपट चौतीस इंच सांगतात. उभं राहून हात कोपरात वाकवायचा आणि कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा, असा साधा हिशोब आहे. आई बुटकी, मी उंच. शिवाय पोळ्या लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागतो, त्याला ओटा आणखी खाली हवा. शेवटी मुख्य ओटा तेहेतीस इंचांवर घेतला आणि खिडकीशेजारी तीन फूट लांबीचा भाग तीस इंचांवर उतरवला. कणीक मळणं, लाटणं, खोबरं खवणं तिथे. त्याच्याखाली कपाट न करता जागा मोकळी ठेवली, आई स्टूल ओढून बसूनही लाटू शकते. अख्ख्या कामात कुणाला एकच गोष्ट सुचवायची झाली तर मी हा उतरता ओटा सुचवेन.

मोरी काढायची असा सगळ्यांचा सल्ला होता. सिंक आलं की मोरी कशाला? आई ऐकेना. “मोठं पातेलं सिंकमध्ये घासून दाखव,” म्हणाली, आणि तिचं खरं होतं. काठावरच्या घरात पाहुणे येतात ते गटाने, दहा-बारा माणसांचा भात ज्या पातेल्यात होतो ते कुठल्याच सिंकमध्ये मावत नाही. चिखलाचे पाय, मासळी, भाजीची माती, सगळ्याला मोरीच लागते. म्हणून खिडकीखाली खोल सिंक केलं आणि मोरीही ठेवली, तिला कोटा दगडाचा काठ आणि फुटाला पाव इंच उतार दिला. नहाणी ट्रॅप नवा घातला, त्यामुळे झुरळं आणि वास दोन्ही थांबलं. सांडपाणी आता उतारावरून धरणाकडे जात नाही. आधी ते एका छोट्या टाकीत जातं, तिथे तेलकट तवंग अडतो, मग शोषखड्ड्यात, आणि त्याच्याभोवती केळी आणि अळू लावलाय. ज्या पाण्यासाठी पणजोबांनी गाव सोडलं त्यात आपल्या घरचं खरकटं मिसळू नये, असं बाबा फार तळमळीने म्हणाले होते. या कामात एक पैसाही वाचवायचा नाही हे तिथेच ठरलं.

भिंती हा सगळ्यात मोठा आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येताना गिलाव्याला फोडून येतात. रंग कितीही भारी लावा, पोपडे सुटणारच. दिवाळीनंतर छिन्नीने सगळा सिमेंटचा गिलावा काढला आणि संक्रांतीपर्यंत भिंत तशीच उघडी वाळत ठेवली. कळीचा चुना हौदात आधीच भिजत घातला होता. चुन्याचं काम येणारे गवंडी आता सहज मिळत नाहीत. आम्हाला भेटलेले गवंडीबाबा सत्तरीचे, मुलाला सोबत घेऊन आले. चुना, वाळू आणि विटेची सुरखी मळून त्यात ते गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे. प्रमाण विचारलं की थापीवर थोडा गारा घेऊन ती उलटी धरून दाखवायचे. चिकटून राहिला की तयार. पातळ थर, प्रत्येक थर वाळायच्या आत पाण्याचा हबका, उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट. शेवटच्या थरावर त्यांनी पिशवीतून नदीतला एक गुळगुळीत गोटा काढला आणि भिंत घोटायला बसले. गोटा गोल गोल फिरतो, चुना दबत जातो आणि हळूहळू त्याच्यावर अंड्याच्या कवचासारखी तकाकी येते. रंगाची गरजच राहिली नाही. मी तळहात फिरवून पाहिला तेव्हा ते म्हणाले, “आता हिला श्वास घिऊ द्या, वर आइलपेंट मारू नका.”

शेगडीमागे मात्र चुना टिकत नाही, तेल आणि हळद त्यात मुरते. तिथे पांढऱ्या चकाकी टाइल्स ओट्यापासून दोन फूट उंचीपर्यंत लावल्या. मला तिथे जुन्या घरांत असतात तशा नक्षीच्या सिमेंट टाइल्स फार हव्या होत्या. मुंबईत १९२२ पासून त्या बनताहेत, स्वदेशीच्या काळात सुरू झालेलं ते काम. पण त्याही डाग शोषतात. मग त्यांचा एक पट्टा जेवायच्या टेबलाखाली जमिनीत घेतला, बाकी जमिनीला जुनीच शहाबादी फरशी उचलून, उतार काढून, पुन्हा बसवली. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पावसाळ्यात दमटपणाने घामेजते आणि आईबाबांच्या वयात पाय घसरणं परवडणारं नाही.

काचेच्या भिंतीची गोष्ट राहिली. धरण आमच्या पश्चिमेला आणि पाऊसही तिकडूनच झोडपतो. पूर्वजांनी खिडकी छोटी ठेवली ती उगाच नाही. तरी उजेड आणि पाणी दिसायला हवंच होतं. खिडकी सिंकच्या वर सहा फूट रुंद केली, वर नवी पाटई बसवली, कौलांची पागोळी तीन फूट पुढे आणली. तावदानांची दोन भागांत उघडणारी दारं, म्हणजे खालचं बंद ठेवून वरचं उघडता येतं. गज ठेवले, कारण इथे वानरं धीट आहेत. अंधार घालवायला छपरात काचेची कौलं घातली. सकाळी दहाला आता दिवा लावावा लागत नाही.

चिमणी विजेची घेतली, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही. या धरणाचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं, आणि आमच्याकडे जुलैत लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. जुनं धुराडं मामांनी मोकळं केलं, त्यावर पावसाची टोपी बसवली. फोडणीचा खाट लाईट नसतानाही वर निघून जातो. चूल मागच्या पडवीत नव्याने घातली, भाकरी तिथेच होते.

फडताळावर मी स्वतः काम केलं. गरम हवेच्या यंत्राने रंग सैल करून पत्रीने काढत गेले. हिरवा, मग पिस्ता, मग निळा, मग एक गेरूसारखा तांबडा, आणि त्याखाली साग. मधल्या फळीवर बरण्यांच्या बुडांची गोल वर्तुळं एकमेकांत अडकलेली निघाली. मामा म्हणाले, पॉलिशपेपरने जातील. मी जाऊ दिली नाहीत. बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, हात दिल्यावर ती जास्तच गडद दिसायला लागली. आता तिथे लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि खालच्या फळीवर कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेली दोन पातेली. मुठी आणि बिजागऱ्या बोहरी आळीतून घेतल्या, भरीव पितळेच्या. पातळ पत्र्याच्या मुठी स्वस्त मिळतात पण या हवेत वर्षभरात त्यांचा मुलामा उडतो.

काम मृगाच्या आत संपवायचंच होतं, चुना पावसात वाळत नाही. मे अखेरीस आईने दूध उतू घातलं. पहिला पावसाळा पार पडला. पश्चिमेच्या भिंतीला खाली एक ओलसर पट्टा आला होता, तो ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप गेला, पोपडा सुटला नाही. एक जाळीचं दार थोडं फुगलं, मामांनी येऊन रंध्याचा एक हात मारला. खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी मुरतंय असं वाटतं, तिथे यंदा दगडी उंबरा घालायचा आहे, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. दारांना दर मे महिन्यात बेलतेल लावायचं असं मामांनी बजावलंय. भाऊ पुढच्या रविवारी येतोय, तेव्हा निम्मी दारं त्याच्याकडे.