तुम्ही विचारलंत म्हणून : खुनी ठाऊक असताना

दुपारी दोन ते चार आमच्या शहापुरातल्या मेडिकलला गिऱ्हाईक तुरळक असतं. तेवढ्या वेळात माझ्या हातात पुस्तक असतं, आणि ते बहुतेक वेळा खुनाचं असतं. समोरच्या साडीच्या दुकानातले काका, माल पोचवायला येणारा पोरगा, बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या आजी, सगळ्यांनी कधी ना कधी तेच विचारलंय. "मॅडम, हे तर मागल्या पावसाळ्यात पण हातात होतं की ओ. खुनी कोण ते ठाऊक हाय न्हवं? मग परत काय वाचायलाय?"

मी सांगायला लागते तोवर कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतं आणि उत्तर अर्धं राहतं. ते आज पूर्ण करते.

मी सहा-सात वर्षांची असेन. सुट्टीत बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलला आत्याकडे गेले होते. एका सकाळी बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हत्ती बंतु!" बंतु म्हणजे आलं, एवढं कन्नड मला कळत होतं. मी हातातली भाकरी टाकून अनवाणी पळत सुटले. गल्लीत एक बैलगाडी उभी होती. गाडीवर बोचक्यांचा ढीग, एका बोचक्याची शिवण उसवलेली, त्यातून पांढरा कापूस बाहेर आलेला. मी गाडीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेले. पलीकडच्या गल्लीतही डोकावले. हत्ती कुठंच नव्हता. परत आल्यावर आत्यानं पदरानं माझे पाय पुसले आणि म्हणाली, "अगं, कन्नडमध्ये हत्ती म्हंजे कापूस. आपल्या हत्तीला ती लोकं आने म्हणतात."

मला कुणी फसवलं नव्हतं. ओरडणाऱ्यानं खरं तेच सांगितलं होतं आणि कापूस माझ्या नाकासमोर होता. मीच तो ओलांडून पुढं गेले, कारण मी हत्ती शोधत होते.

चांगला रहस्यकथाकार माझ्याशी नेमकं हेच करतो. त्याचं खोटं बोलून भागत नाही. खोटं बोलला तर डाव फुकट गेला.

हे माझं एकटीचं मत नाही. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी 1929 साली या प्रकाराचे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे. भुताखेतांची मदत घ्यायची नाही. डिटेक्टिव्हला जो दुवा सापडेल तो लगेच वाचकालाही दाखवायचा. आणि माझा सर्वांत आवडता नियम, आजवर कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अशा लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि सभासद होताना वाचकाशी सचोटीनं वागायची शपथ घ्यावी लागू लागली. खुनाच्या गोष्टी लिहिणारी माणसं प्रामाणिकपणाची शपथ घेतात, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

आमच्या घरी वडील बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायचे. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांतले नायक मला वडिलांच्या उशाखालीच भेटले. त्या गोष्टींत धावायची मजा होती, श्वास रोखून पानं उलटायची. ती मजा वेगळी आणि मी ती भरपूर घेतली. पण कोड्याची कादंबरी पळवत नाही, बसवून ठेवते. एक घर, दहा-बारा माणसं, एक मृत्यू, आणि जे जे लागेल ते सगळं टेबलावर मांडलेलं. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उपटला की मी ते पुस्तक मिटते आणि पुन्हा हातात घेत नाही.

इंग्रज रहस्यकथा-लेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्याबद्दल मला विशेष माया आहे, आणि त्याचं कारण माझा धंदा. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की गावच्या इस्पितळात आधी नर्सिंग करत होत्या, मग तिथल्या औषध विभागात आल्या. 1917 साली औषधं बनवायची परीक्षा पास झाल्या. काम कधी अंगावर येणारं, कधी नुसतंच बसायचं. अशाच रिकाम्या वेळात त्यांना डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायचं सुचलं, आणि चहूकडे विषांच्या बाटल्या असल्यामुळे खूनही विषाचाच सुचला. दुपारी दोन ते चार माझ्यामागेही बाटल्याच असतात, म्हणून ही गोष्ट मला अगदी घरची वाटते. ती पहिली कादंबरी 1920 साली आली, तेव्हा औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानं तिच्यातल्या विषाच्या अचूकपणाची तारीफ केली. बाईंना त्या शाबासकीचा फार आनंद झाला होता. होणारच. गोळी तीच असली तरी मात्रा बरोबर आहे की नाही, हे धंद्यातल्यालाच कळतं.

त्यांच्याच एका उशिराच्या कादंबरीची हकीकत मी गिऱ्हाइकांना हटकून सांगते. नाव सांगत नाही, सांगितलं तर ज्यांनी वाचली नाही त्यांचं रहस्य फुटेल. 1977 साली कतारहून एका एकोणीस महिन्यांच्या बाळाला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. आजार काही केल्या कळत नव्हता. तिथली एक नर्स तेव्हा ही कादंबरी वाचत होती. पुस्तकातली लक्षणं आणि समोरच्या बाळाची लक्षणं सारखीच आहेत, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं डॉक्टरांना सांगितलं. तपासणी झाली. थॅलियम नावाचं विष निघालं. बाळ वाचलं. लेखिका वर्षभरापूर्वीच वारल्या होत्या.

पण तुमचा प्रश्न पुन्हा वाचण्याचा आहे. तर ती सवय मला एका पेन्सिलीनं लावली.

डी.फार्म, म्हणजे औषधशास्त्राची पदविका, करत असताना मी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या एका लहानशा दुकानातून कादंबऱ्या आणायची. एकदा एका पुस्तकात एक्केचाळीसाव्या पानावर, पुतण्याच्या नावाखाली दोन रेघा मारलेल्या आणि समासात लिहिलेलं, 'हाच खुनी'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या दीडशे पानांचा कुणीतरी कचरा केला होता. भाडं दिलेलं होतं आणि बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून तशीच वाचत राहिले. आता प्रत्येक पानावर तो पुतण्या मला सापडू लागला. त्यानं काकूला शाल आणून दिली, तर म्हटलं, बघा कसा गोड वागतोय. जेवताना गप्प बसला, तर मन खातंय. मोठ्यानं हसला, तर किती निर्ढावलेला. शेवट आला आणि पुतण्या निर्दोष निघाला. आधीच्या वाचकाचा अंदाज साफ चुकला होता. त्यानं आपला हत्ती शोधला आणि मलाही दाखवला, मी त्याच्या मागून पळत गेले.

शेवटचं पान संपलं तसं मी पहिलं पान काढलं. रात्री दीड वाजेपर्यंत वाचलं. शाल तीच, हसणं तेच. आणि खऱ्या खुन्याची वाक्यं! ती तर सगळी जागच्या जागी होती.

एक उदाहरण मी माझ्या मनानं रचून सांगते, म्हणजे कुठलंच पुस्तक फुटणार नाही. समजा, घरातला एकजण म्हणतो, "मी गेलो तेव्हा दार बंद होतं." पहिल्यांदा वाचताना आपण पुढं जातो. आतून कडी आहे असं आपणच धरून चालतो आणि पुढची शंभर पानं खुनी आत कसा गेला याचा घोर लावून घेतो. दुसऱ्या खेपेला त्या वाक्याशी आपण थांबतो. तो 'बंद' म्हणाला. 'कडी होती' असं म्हणालाच नाही. कडी आपण घातली. हे दिसतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. खुनी ठाऊक नसताना हे दिसूच शकत नाही. पहिलं वाचन मी हरण्यासाठी करते. दुसरं, कशी हरले ते बघण्यासाठी. आणि खरं सांगू का, दुसऱ्यातच मला जास्त सुख मिळतं. लेखकानं किती हलक्या हातानं ती वस्तू माझ्यासमोर ठेवली होती, तो हात तेव्हा दिसतो.

याचा दुकानात उपयोग होतो का, असंही काका विचारतात. त्यासाठी मी वाचत नाही, पण होतो. मागे एक चिठ्ठी आली. हृदयाची डिगॉक्सिन नावाची गोळी येते, 0.25 मिलिग्रॅमची. चिठ्ठीवर मला 25 दिसलं आणि त्याच्या आधी एक बारीक ठिपका, शाईचा असेल किंवा नसेल. पेशंट वर्षभर तीच गोळी घेणारा, हात सवयीनं डब्याकडे गेलाच होता. तरी थांबले. कडी आहे की नुसतंच बंद? डॉक्टरांना फोन केला. गोळी तीच होती, पण या खेपेला त्यांनी ती अर्धी करायला सांगितली होती आणि तो 'अर्धी' शब्द चिठ्ठीच्या घडीत दबला होता. मी ठिपक्याकडे बघत होते आणि दुवा घडीत होता.

आजी म्हणतात, "खुनाचं वाचून झोप कशी लागती गं तुला?" मला तर छान लागते. या पुस्तकांत एक माणूस मेला तर कुणीतरी तिथंच ठाण मांडून बसतं आणि तो का मेला हे कळल्याशिवाय उठत नाही.

ते भाड्याचं दुकान पुढं बंद झालं. मालकांनी पुस्तकं किलोवर काढली, तेव्हा मी ती पेन्सिलवाली प्रत शोधून घेतली. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर मी दोनदा बदललंय. परवा माल पोचवणारा पोरगा म्हणाला, "द्या की मॅडम, बघतो तरी काय असतंय ते." मी तीच प्रत त्याच्या पिशवीत घातली. एक्केचाळीसावं पान मी खोडलेलं नाही, आणि त्याबद्दल त्याला काही बोललेही नाही.